तक्त्यातली सरकलेली ओळ

देवव्रत आमच्या तुडीलचा. महाडच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, पण तासिका तत्त्वावर. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पावसाळ्यात मिळाली तर पुन्हा मिळायची. सुट्टीच्या दिवशी तो मोटरसायकल काढून पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत ठकूबाईकडे जायचा. तिला रानातल्या साठ-सत्तर भाज्या आणि कंद ठाऊक होते. कुठला कधी खणायचा, कसा शिजवायचा, हे तिने चार वर्षं त्याला हिंडवून दाखवलं.

हे सगळं कुणालाही फुकट वाचता यावं, असं त्याच्या मनात होतं. परदेशी नियतकालिकातला लेख उघडला की वरचा सारांश दिसायचा आणि पुढे कुलूप. "आपल्या डोंगरातल्या झाडांवरचं आपल्यालाच वाचता येत नाही," तो चिडून म्हणायचा. शेवटी त्याला एक मुक्त नियतकालिक सापडलं. फी लेखकाने भरायची, वाचणाऱ्याला सगळं खुलं. त्याने लेख पाठवला, सोबत भाज्यांचा मराठी तक्ता. चौथ्या दिवशी स्वीकारल्याचं पत्र आलं. छापून आल्यावर तो पेढे घेऊन वाडीत गेला आणि ठकूबाईला मोबाइलवर लेख दाखवला.

"ह्यात मी हाय?"

"पहिल्याच पानावर नाव आहे, आजी."

"मंग बरा झाला. मी मेल्यावर कोन इचारील त्याला गावंल."

त्याच थंडीत ती गेली.

पुढच्या वर्षी देवव्रतची कायम नोकरीसाठी मुलाखत झाली. तज्ज्ञ म्हणून आलेल्या आमोद सरांनी लेख पाहून बाजूला ठेवला.

"हे नियतकालिक मान्य यादीत नाही. फी भरली की काहीही छापतात. हा लेख धरता येणार नाही."

"पण काम खरं आहे, सर."

"असेलही. कुणी तपासलंय?"

घरी येऊन त्याने छापलेला लेख पहिल्यांदाच ओळीओळीने वाचला. छपाईआधी तपासायला त्याच्याकडे काही आलंच नव्हतं. तक्त्यात एके ठिकाणी ओळ खाली सरकली होती. कडू करांदा हा कंद राखेच्या पाण्यात उकडून मग वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर माणूस आजारी पडतो. ती कृती गोड करांद्यासमोर गेली होती, आणि कडव्यासमोर आलं होतं, 'निखाऱ्यात भाजून खातात'.

त्याने संपादकांना किती पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या नियतकालिकांनी आधी छापलेलं घेत नाही म्हणून कळवलं. मग ती वेबसाइटच बंद पडली. पण तक्ता खुला होता, तोवर लोकांनी उचलला होता. रानभाज्यांच्या फेसबुक पानांवर, व्हॉट्सॲपवर तो फिरत राहिला. देवव्रतने दुरुस्त तक्ता स्वतः इंटरनेटवर टाकला, जिथे जिथे चुकीचा दिसला तिथे कळवलं. एकाने नमस्काराचं चित्र पाठवलं, बाकीच्यांनी चुकीचा तक्ता तसाच ठेवला.

आता तो औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत पाळीवर जातो. गेल्या थंडीत सवड काढून वाडीत गेला. ठकूबाईची सून चंद्रभागा ओटीवर होती. तिने मोबाइलवर आलेला तक्ता पुढे केला.

"सर, ह्या बगा. आमच्या ह्यांनी मुंबईवरनं पाठवलाय. सासू तर उलटा सांगायची. पन ह्या छापलेला हाय. तीच चुकली आसंल."

"नाही वहिनी, त्याच बरोबर होत्या. हे चुकलंय. माझ्याच लेखातलं आहे."

तिने पुन्हा पाहिलं. "तुमचा नाव नाय ह्यात."

ठकूबाईचंही नव्हतं.

"जाऊं दे, सर. आमी आता खनीतच नाय. भ्या वाटतं. पोलादपूरला बटाटं मिलतात."

"थांबा, मी दाखवतो," म्हणत देवव्रत घरामागे गेला. करांद्याचे वेल वाळून गेले होते आणि पानं गळून गेली होती. त्याने दोन कंद उकरून हातात घेतले. ठकूबाई सालीला नुसतं नख लावून कडू की गोड ते सांगायची. त्याने नख लावलं, वास घेतला, उन्हात धरून पाहिलं. चंद्रभागा दारात वाट बघत उभी होती.

त्याने दोन्ही कंद पुन्हा मातीत पुरले.