चार दालनं आणि शेंगाची चटणी

मिक्सरमधून शेंगाच्या चटणीचा वास सुटला आणि मी थेट आमच्या जुन्या सोसायटीच्या पटांगणात पोचले. चार भाषांची माणसं मुद्दाम एकत्र राहावीत, म्हणूनच ती सोसायटी उभी केली होती. पहिल्या वर्धापनदिनाला मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी दालनं सजली. प्रत्येकानं आपला खास पदार्थ मांडायचा होता. झाकणं निघाली, तर चारही टेबलांवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी!

“ही तर आमची हाय की!” आई फणकारली.

“अगे, ये तो हमारी है!” शेजारच्या अमीनाखालांनी हसत तिला घासच भरवला.

आई बराच वेळ चावत राहिली. “लसूण लई झालाय,” एवढंच म्हणाली.

आज मी अमीनाखालांएवढाच लसूण घातला. आईनं बोट चाटलं.

“व्हय, आता झाली बघ आपली चटणी.”