घोटभर पाणी आणि वावरातली माती

आज दुपारी झेंडू पोचवून नाशिकला परतताना घोटीजवळ आमचा टेम्पो बंद पडला. मेकॅनिक येईपर्यंत आम्ही बांधावर बसलो. रिकाम्या टेम्पोतून अजून फुलांचा वास येत होता. मला पेंग आलेली.

ड्रायव्हर रशीदभाईंची नमाजची वेळ झाली. बाटलीत घोटभरच पाणी होतं. मी म्हटलं, "घ्या, नमाजआधी हात-तोंड धुवा."

"ते तुम्ही प्या, ताई. पाणी नसलं तर अल्लाहने माती दिलीय ना."

त्यांनी वावरातल्या कोरड्या मातीवर तळवे टेकवले, हलकेच झटकले आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवले. झाले पाक, नमाजला तयार!

नंतर नकळत मीही तळवे टेकवले. उबदार होती माती.

लहानपणापासून ऐकतेय, शेतातून आलीस की आधी हात धू. आज घरी पोचल्यावर नळ सोडला आणि हात मागेच घेतले.

तुमचे हात कधी असे अडलेत का?