टीव्हीची दृष्ट

टीव्हीची दृष्ट काढू नये, हे मला तिसाव्या वर्षी न्यू जर्सीत कळलं. परवा नातीने मिरच्या करपवल्या आणि त्या ठसक्यासरशी ऐंशीच्या दशकातली ती दुपार आठवली. हॅलोविनचा, म्हणजे पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागतात त्या सणाचा आठवडा होता. भाड्याने आणलेली भुताची कॅसेट दाखवत नवरा म्हणाला, "एकटीने शेवटपर्यंत बघून दाखव. तुला नाही झेपायचं," आणि ऑफिसला गेला. मी भरदुपारी पडदे ओढून बसले. भूत जिना चढू लागलं तशी माझ्यातली शूर झाशीची राणी उशीमागे लपली. पण टीव्ही बंद करणं म्हणजे हार. मग मीठ, मोहरी, मिरच्या टीव्हीवरून तीनदा ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. धुराचा अलार्म कोकलला, शेजारणीने फायर ब्रिगेडला फोन केला आणि दारात मास्क लावलेला फायरमन उभा राहिला. मला वाटलं हॅलोविनचं सोंगच आलंय, म्हणून हातावर चॉकलेट ठेवून त्याला बजावलं की एकतीस तारखेलाच यायचं. बिचाऱ्याने आत येऊन तवा बाहेर नेला, खिडक्या उघडल्या आणि चॉकलेट घेऊन गेला. मी मात्र खोकत, डोळे पुसत सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाच. आजही पैज लावा, पाहीन. संध्याकाळी सगळं ऐकून नवरा म्हणाला, "जिंकलीस बाई. आता त्या भुताला पाणी दे, ठसका लागला असेल त्याला."