बापासमोर चीतपट

मी निघालो तेव्हा मुंबईच्या विमानतळावर आबांनी मिठी मारली नाही, माझा दंड दाबून पाहिला. "अंग सोडू नकोस," एवढंच म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील, सांगलीत तालीम चालवणारे जुने पैलवान. मी लंडनला मास्टर्स करायला चाललो होतो. तिथे अंगाचा काय उपयोग, असं वाटलं होतं.

उपयोग झाला. युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमला हेल्मेट घालून धडका थोपवणारा माणूस हवा होता. डिग्री मिळाली, पण नोकरी धरली नाही. जर्मनीतल्या एका छोट्या क्लबने कॉन्ट्रॅक्ट दिलं. मग पोलंड, मग ऑस्ट्रिया. दरवेळी सीझन संपायच्या आत कोच ऑफिसात बोलवायचा, दार लावून घ्यायचा, "आता गरज नाही" म्हणायचा आणि मी किट बॅग उचलायचो. घरी सांगायचो, "नवी टीम मिळाली." आई गल्लीभर सांगायची, "युरोपात सगळीकडे बोलावतात त्याला." ते ऐकताना कान तापायचे.

शेवटी लंडनच्याच एका क्लबात आलो, तेही बदली खेळाडू म्हणून. त्या उन्हाळ्यात आई-आबा लंडनमधल्या ईलिंगला माझ्याकडे आले. मॅचला आबा इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी बाकावर. अगदी शेवटी कोचने आत पाठवलं आणि समोरच्या गड्याने पहिल्याच धडकेत मला पाठीवर आपटलं.

हेल्मेट काढावंसंच वाटेना. मॅच संपल्यावर आबा मैदानात आले, सरळ त्या गड्याकडे गेले, त्याची पाठ थोपटली. मला म्हणाले, "सांग त्याला, डाव झकास होता." ते इंग्रजीत सांगताना मी त्याच्या बुटांकडे बघत होतो.

परतताना बसमध्ये आईने हळूच विचारलं, "बसवूनच ठेवतात होय रे तुला?" आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या सीझनला कुणी बोलावलं नाही. आता इथल्याच एका शाळेत पीई, म्हणजे आपली पीटी, शिकवतो. काम आवडतं. पण सांगलीला गेलो नाही. चुलतभावाचं लग्न टाळलं, दिवाळ्या टाळल्या. भेटेल तो विचारणार, हल्ली कुठल्या टीमकडून?

परवा फोनवर आबांना हे एकदाचं बोलून टाकलं. ते म्हणाले,

"अरे, लोक कधीच विसरले. तुझी आई तेवढी रोज विचारते, कधी येतो म्हणून. तिला काय सांगू?"

तिकीट काढलंय. घर म्हटलं की आता गल्ली डोळ्यांपुढे येत नाही, ती दोघंच येतात. लाज अजून आहे. मैदानावरची पुसट झाली. त्यांना इतकी वर्षं वाट बघायला लावल्याची मात्र ताजी आहे.