चिमूटभर लेड

“काम काय करता?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“लॅबमधी हाय,” बाजीराव म्हणाला.

“कसली लॅब?”

“साकर कारखान्याची.”

एवढं बोलून त्याने पोट धरलं, म्हणून पुढचं मीच सांगू लागलो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात मीच त्याला माझ्या गाडीतून आणलं होतं. उसाचा रस तपासतो, म्हटलं. रसात पावडर घालतो, गाळतो, यंत्रात बघतो. “कसली पावडर?” बाईंनी विचारलं. “लेड सबॲसिटेट,” मी म्हणालो, आणि स्वतःच्या तोंडून हे शब्द बाहेर पडल्यावर ते मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले. लेड म्हणजे शिसं. दोन महिने आम्ही या माणसाला ॲसिडिटीच्या गोळ्या खायला घालत होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

मी तेव्हा त्या कारखान्याचा चीफ केमिस्ट होतो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. पावडरच्या डब्यावरची कवटीची खूण इतकी वर्षं रोज पाहत होतो, आणि रोज पाहिल्यामुळेच ती दिसायची बंद झाली होती.

ही पावडर लागते कशाला, ते सांगतो. रसात साखर किती आहे हे पोलॅरिमीटर नावाचं यंत्र सांगतं. त्यासाठी प्रकाश रसातून आरपार जावा लागतो. उसाचा ताजा रस असतो गढूळ आणि काळपट. त्यात थोडं लेड घालून हलवलं की घाण खाली बसते आणि गाळून घेतलेला रस स्वच्छ, फिकट उतरतो. सीझनमध्ये दिवसभर असे नमुने चालूच असतात. पावडर दिसायला पांढरीशुभ्र, वास नाही, हाताला झोंबत नाही. त्यामुळे तिची भीती कुणालाच वाटत नाही. पण शिसं अंगात साठत जातं. रक्त कमी होतं, पोटात मुरडा उठतो, हातापायातलं बळ जातं. बाजीरावचं नेमकं हेच झालं होतं.

बाजीराव आमचा लॅब अटेंडंट. कुंडलकडचा, पंधरा वर्षं फौजेत काढून आलेला. इस्त्रीचा शर्ट, काचेची भांडी रांगेत, कामात चूक नाही. त्याची चिमूट तर कारखान्यात प्रसिद्ध होती. लेड तो चमच्याने घालायचाच नाही. डब्यात दोन बोटं आणि अंगठा घालायचा, चिमूट उचलायची, बाटलीत सोडायची. पाहुणे आले की मी मुद्दाम ती चिमूट काट्यावर तोलून दाखवायचो. दरवेळी जवळपास तेवढीच भरायची. आणि आता जे लिहायला जड जातं तेही लिहितो. ही चिमूट त्याला मीच शिकवली होती. त्याच्या पहिल्या सीझनला तो चमचा शोधत होता आणि मला घाई होती.

बाईंनी सगळ्या लॅबचं रक्त तपासायला सांगितलं. नमुने पुण्याला गेले. रिपोर्ट आले तेव्हा बाजीरावचं शिसं सगळ्यांत जास्त होतं, ते अपेक्षितच होतं. नंतर शिफ्ट केमिस्ट कदम. आणि त्याच्या खालोखाल मी. मी पावडरच्या डब्याला हात लावून किती वर्षं झाली होती ते मलाच आठवत नव्हतं. याउलट स्नेहल, आमची दुसरी शिफ्ट केमिस्ट, त्याच टेबलावर तेच लेड रोज वापरायची, आणि तिचा रिपोर्ट चक्क नॉर्मल होता.

कारखान्याचे कार्यकारी संचालक म्हणजे एम.डी. साहेब, त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल लावला. लॅबला एक्झॉस्ट फॅन बसवा आणि बाजीरावला केनयार्डात, म्हणजे ऊस उतरतो तिथे, टाका. मी म्हणालो, “साहेब, हवेतून जात असतं तर स्नेहललाही झालं असतं.” ते म्हणाले, मग काय ते आठ दिवसांत शोधा, नाहीतर बदलीची ऑर्डर निघेल.

बाजीरावला हे कळलं तेव्हा तो माझ्या केबिनमध्ये आला. दुखण्याचं एक अक्षर बोलला नाही.

“आवं सायेब, मला लॅबमधनं काडू नगा. रिटायर व्हायला दोन सीझन ऱ्हायलेत. तितं मी काय करू, ट्रॉल्या मोजू?”

“अरे, जिवापेक्षा लॅब मोठी का?”

“आजारी हाय म्हून काडलं, असं न्हाई कुनी म्हननार. बाजीरावला जमंना म्हून काडलं म्हनत्यात.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे चार दिवस मी वेड्यासारखा शोधत होतो. खिडक्या, पंखे, पिण्याच्या पाण्याचा माठ, चहाचे कप, सगळं तपासलं. माठाचं पाणी तर दोनदा तपासलं. काही निघेना. पाचव्या दिवशी अकरा वाजता नेहमीसारखा लॅबच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. बाजीराव हातातलं काम टाकून आला, डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला आणि अंगठ्याने मळायला लागला. आपल्याकडे तंबाखू एकटा कुणी खात नाही. एक मळतो, बाकीचे त्याच्या तळहातावरून उचलतात. कदमने उचलून तोंडात टाकली, बाजीरावनेही टाकली. मी हात पुढे केला आणि तसाच थांबलो. बाजीरावच्या नखांच्या कडेला काहीतरी पांढरं होतं. चुनाही पांढराच आणि लेडही पांढरंच.

“बाजीराव, थुंक ते,” मी कदमकडे बघत म्हणालो. नाव चुकलं, पण दोघेही थुंकले.

मी स्नेहलला हाक मारली. तिने काहीएक न विचारता तीन बीकर घेतले. एकात बाजीरावची बोटं थोड्या ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात धुतली. दुसऱ्यात स्वतःची. तिसऱ्यात डबीतला चुना कालवला. मग तिन्हींत पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. ही कॉलेजात शिकवतात ती साधी टेस्ट आहे, लेड असलं तर पिवळा रंग येतो. स्नेहलचा बीकर तसाच राहिला. चुन्याचाही तसाच. बाजीरावचा बीकर हळदीसारखा पिवळा झाला. सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्याचं तोंड सोडल्यावर दिसतो, तसला पिवळा.

बाजीराव त्या बीकरकडे बघत राहिला. “म्हंजी मीच समद्यास्नी चारलं व्हय,” एवढंच तो म्हणाला. मी म्हणालो, “तू नाही. मी.” आणि चमच्याची ती जुनी गोष्ट कदम आणि स्नेहलच्या देखत सांगून टाकली. त्याला ती आठवतच नव्हती, पण मला सांगायला हवी होती.

स्नेहल का वाचली, हे आता उघड होतं. ती तंबाखू खात नाही, लेड स्पॅट्युलाने, म्हणजे चपट्या चमच्याने घेते आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुते. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो, तुझा एक नमुना होईतो बाजीरावचे तीन होतात म्हणून. त्या चिडवण्यात मीच पुढे असायचो.

पिवळा बीकर मी तसाच एम.डी. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. ते ऐकता ऐकता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागले. राउंडला आले की तेही बाजीरावच्या तळहातावरून एक चिमूट उचलायचे, हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचंही रक्त पुण्याला गेलं. त्यानंतर लॅबसाठी मी जे जे मागितलं त्यातल्या एकाही गोष्टीवर त्यांनी शेरा मारला नाही.

मागितलं ते फार नव्हतं. डब्यात मापाचा चमचा. हातात ग्लोव्हज. टेबल झाडायचं नाही, कारण झाडलं की पावडर उडते. ओल्या फडक्याने पुसायचं. फिल्टर पेपर आणि खालचा गाळ शेतात खत म्हणून जाणाऱ्या मळीच्या ढिगात न टाकता वेगळ्या झाकणाच्या ड्रममध्ये. ॲप्रन घरी न्यायचा नाही, कारखान्यातच धुवायचा. लॅबमध्ये खाणंपिणं बंद. शिवाय लेडऐवजी ॲल्युमिनियमच्या क्षाराची पावडर वापरून दोन्हींचे आकडे स्नेहलने महिनाभर शेजारी शेजारी काढले. फरक नगण्य होता. पुढच्या सीझनला आम्ही लेड सोडलंच.

बाजीराव लॅबमध्येच राहिला. बरं वाटेपर्यंत त्याने पावडरीजवळ जायचं नाही, अशी बाईंची अट होती. म्हणून काचेच्या दारापलीकडे यंत्राच्या खोलीत त्याला रीडिंग लिहायला बसवलं. पहिले दोन महिने त्याला बसवतही नव्हतं. पण पोटातला मुरडा हळूहळू थांबला, तोंडावर रंग आला. तिसऱ्या रिपोर्टला शिसं बरंच उतरलं होतं. माझं आणि कदमचं त्याआधीच उतरलं. बाईंनी आनंदाच्या भरात त्याला तंबाखूही सोडायला सांगितली. “सोडतो की, पर एका येळंला एकच इष सोडू द्या,” तो म्हणाला. तीही त्याने पुढच्या वर्षी सोडली, माझ्या आधी.

नियमांचं एक रंगीत पोस्टर मी मोठ्या हौसेने छापून आणलं होतं आणि बेसिनच्या वर लावलं होतं. ते कुणी वाचलेलं मी पाहिलं नाही. बाजीराव रिटायर झाला त्या दिवशी त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पोस्टरवर चिकटवला. त्याचा पहिला रिपोर्ट होता, नावासकट. नव्या पोरांना म्हणाला, “ह्यो माजा हाय. रोज बघून हात धुवा.”

मी रिटायर झालो तेव्हा तो कागद तिथेच होता, आणि त्याच्याखालची साबणाची वडी नेहमी ओली असायची. सूचना लोक वाचत नाहीत. ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट मात्र सगळे वाचतात.