खोब्रागडे सरांची बिनउपयोगी सूर्यमाला

कॉलेजच्या ऑफिसात दोन गोष्टी कोणी न मागता साठतात : धूळ आणि किस्से. धूळ झटकायला मारोती शिपाई होता, तोही पोळ्याच्या आधी एकदा. किश्शांचं काय करायचं याचा मात्र शासन निर्णय कधी निघाला नाही. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या जमा केल्या, किस्से तेवढे घरी आले. आता चहाला मित्र जमले की आमची ही आतूनच म्हणते, "झालं! आता सूर्यमाला निघणार!"

तर सूर्यमाला.

आमचं कॉलेज यवतमाळहून आर्णीकडे जाताना रस्त्यावरच लागतं. कापसाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली करायची, अशी ती वर्षं. नेमक्या त्याच वर्षांत आमच्या फिजिक्सच्या खोब्रागडे सरांनी बी.एस्सी.च्या पोरांसाठी एक ऐच्छिक विषय सुरू केला. नाव : 'खगोलशास्त्राची ओळख – सूर्यमाला'. नोटीस मीच टाइप केली. तीत 'ग्रहांचा अभ्यास' असे दोन शब्द होते. गावाने तेवढेच वाचले.

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीपुढे रांग! पहिल्याच बाईच्या हातात पोरीची पत्रिका. मी तिला सरांकडे पाठवलं. खरं तर खोब्रागडे सरांच्या घराण्याने पत्रिकेशी संबंध छप्पन सालीच, दीक्षा घेताना तोडलेला. पण सर शांतपणे म्हणाले, "काय पाहिजे मावशी?"

"पोरीले मंगळ हाय म्हनते. जमत आलेलं लगन अडून राह्यलं. तुमी पाहून सांगा."

"मावशी, मंगळ काही एकट्या तुमच्या पोरीचा नाही. तो सगळ्यांचा आहे."

बाईने कपाळावर हात मारला. "आगं माय! मंग तं सगळ्यायचंच लगन अडलं म्हना!"

* * *

प्राचार्यांना हा विषय पहिल्या दिवसापासून खुपत होता. स्टाफ मीटिंगमध्ये ते म्हणाले, "बाहेर काय परिस्थिती आहे आणि तुम्ही पोरांना गुरू-शनी शिकवता? मोबाइल दुरुस्ती शिकवा, शिवणकाम शिकवा. काहीतरी उपयोगाचं!"

खोब्रागडे सर उठले. "साहेब, आमच्या पोरांनी फक्त खालीच पाहायचं, हे कोणत्या मीटिंगमध्ये ठरलं? मी त्या दिवशी रजेवर असेन."

मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं माझं काम. 'चर्चा झाली' असं लिहिलं.

प्राचार्यांनी तोडगा काढला. वर्षाअखेरीस विद्यापीठाची समिती येणार होती. तिने विषय उपयुक्त ठरवला तर राहील, नाहीतर पुढच्या वर्षापासून बंद. सर म्हणाले, "येऊ द्या." त्या दिवसापासून पोरांचाही एकच हट्ट : आपला विषय बंद होऊ द्यायचा नाही.

* * *

सूर्यमालेतली अंतरं फळ्यावर मावत नाहीत म्हणून सरांनी ती रस्त्यावर मांडली. गेटच्या भिंतीवर मीटरभर रुंद पिवळा सूर्य रंगवला. त्या मापाने पृथ्वी किती? तर एका सरकीएवढी. कापसातली सरकी, आपली. ती चहाच्या टपरीजवळ एका विटेवर चिकटवली. गुरू म्हणून संत्रं ठेवलं होतं, पण ते पहिल्याच दिवशी कोणीतरी सोलून खाल्लं. प्लुटोचा बोर्ड तर पार पुढच्या तांड्याजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेला.

दुपारी गजू धावत आला. गजू म्हणजे मागच्या बाकावरचा, पण कोणत्याही कामात पुढे.

"सर, पृथ्वी शेळीनं खाल्ली!"

"मग दुसरी ठेव."

गजू निघाला तसं सरांनी त्याला परत हाक मारली. "आणि वर्गात बोलू नको रे. पृथ्वी एकच आहे, असं मी कालच शिकवलंय!"

* * *

ग्रहण लागलं त्या दिवशी कँटीन बंद, निम्मा स्टाफ घरी. केमिस्ट्रीचे डॉक्टरेट असलेले आमचे प्राचार्य केबिनचं दार लावून, पाण्याच्या माठावर दर्भाची काडी ठेवून बसलेले. सर मात्र पोरांना घेऊन अंगणातल्या कडूनिंबाखाली. पानांच्या फटींतून एरवी उन्हाचे गोल ठिपके पडतात, त्या दिवशी जमिनीवर चंद्रकोरीच चंद्रकोरी! प्रत्येक फटीतून ग्रासलेल्या सूर्याचं एकेक चित्र.

माणूस केबिनमध्ये किती वेळ कोंडून घेणार? शेवटी प्राचार्यांना निसर्गाची हाक आली. बाथरूमची वाट कडूनिंबाखालून. पांढराशुभ्र शर्ट, आणि त्यावर छातीपासून पोटापर्यंत चंद्रकोरी!

मारोती ओरडला, "साहेब, गरान तुमच्या आंगावर उतरून राह्यलं! एक नाही, पन्नासक हायेत!"

साहेब जागीच गोठले. पोरं वह्या घेऊन भोवती. सर म्हणाले, "साहेब, या प्रात्यक्षिकासाठी पांढरा पडदा मागितला होता. आपण नामंजूर केला होता. पण स्वतः आलात, आभारी आहे!"

* * *

त्या वर्षांत आमच्या भागात बाहेरून गाड्या फार यायच्या. कोणी पाहणीला, कोणी शूटिंगला. एक टीव्हीवाला कॉलेजात शिरला आणि त्याने नेमका गजूला पकडला. कॅमेरा लावला, आवाज जड केला. "आभाळाकडे पाहिल्यावर तुमच्या मनात काय येतं?"

गजू म्हणाला, "गुरू वर आला असन तं त्याचे चारी चांद दिसले पाह्यजे, असं येते."

टीव्हीवाला गडबडला. "नाही, म्हणजे... जरा उदास चेहरा करून सांगा ना."

"उदास कायले? परीक्षा तं मार्चात आहे!"

ते शूटिंग कुठे दाखवलं नाही म्हणे.

* * *

मग प्लुटोची बातमी आली. जगातल्या शास्त्रज्ञांनी बसून ठरवलं, की प्लुटो यापुढे ग्रह नाही. पेपर वर्गात पोचला आणि गोंधळ! पुष्पा राठोड उभी राहिली. प्लुटो ज्या धुऱ्यावर गेला होता ना, त्याच तांड्याची ही पोरगी. वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भांडकुदळ.

"सर, प्लुटो लहान झाला का?"

"नाही."

"रस्ता सोडला का त्यानं?"

"नाही. जसा होता तसाच आहे."

"मंग?"

"ग्रह कशाला म्हणायचं, ती व्याख्या बदलली."

आता आमच्याकडे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर नावाचा माणूस असतो. गाडीत हात घालतो, मूठभर कापूस ओढतो, ताणून पाहतो आणि म्हणतो, "नाही चालत." बैल जुंपून रात्रीपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाने पुढे काही विचारायचं नसतं. वर्गातल्या प्रत्येक घराला तो माणूस माहीत.

पुष्पा वळून वर्गाला म्हणाली, "समजलं का रे? माल तोच हाय. ग्रेडर नवा आला!"

सर हसत होते. हसता हसता फळ्याकडे वळले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसू लागले. दुसऱ्या दिवशी सरांनी प्लुटोचा बोर्ड काढून आणायला सांगितलं, तर एकही पोरगा जागचा उठला नाही.

* * *

आणि मग समिती आली.

आदल्या दिवशी मारोती धापा टाकत प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, पोट्टे लय तापून हायेत. म्हून राह्यले, उद्या अध्यक्षाले भर दुपारी चांदनी दाखोतो!"

प्राचार्यांचा चेहरा पडला. भर दिवसा चांदण्या दाखवणं म्हणजे काय, ते कोणाला सांगावं लागतं? त्यांनी लगेच पोलीस स्टेशनला फोन लावला. खरं काय ते मला माहीत होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता उत्तर देण्याची ऑफिसात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती, साडेअकराला काठीसकट एक जमादार. अध्यक्ष सफारीतले, घाईतले. वर्गात शिरताच त्यांनी विचारलं, "शेतकऱ्यांची मुलं किती?" सगळ्यांचे हात वर. "मग शनीची कडी शिकून तुम्हाला उपयोग काय?"

पुष्पा उठली. "साहेब, आमच्या घरी सगळंच उपयोगाचं हाय. बैल उपयोगाचे, कापसाची पऱ्हाटी उपयोगाची, मी बी उपयोगाची. एखादी तं बिनउपयोगाची गोष्ट राहू द्या ना आमच्यापाशी!"

प्राचार्यांनी रुमाल काढला. अध्यक्ष सोबतच्या दोघांना हळूच म्हणाले, "बंदच करावा लागेल," आणि बाहेर निघाले. तर अंगणात पोरांनी त्यांना चहूबाजूंनी घेरलेलं!

"जमादार!" प्राचार्य ओरडले.

पण पोरांच्या मधोमध होती सरांची दुर्बीण. प्लास्टिकच्या पाइपमध्ये भिंग बसवून त्यांनी स्वतः केलेली. सूर्य चुकूनही नळीत येऊ नये म्हणून ती इमारतीच्या सावलीत मांडलेली. सर महिनाभर रोज दुपारी तिथे उभे राहून आकाशातली ती एक जागा हुडकत होते.

"या साहेब," सर म्हणाले. "एकदाच पाहा, मग खुशाल बंद करा."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग डोळा लावला. "हा तर चंद्र आहे. कोर आहे चंद्राची."

"चंद्र आज रात्री उगवणार. ही शुक्राची चांदणी. तिच्याही कला होतात, चंद्रासारख्या."

अध्यक्ष नळीवरून उठले, नुसत्या डोळ्यांनी निळ्या आभाळात शोधू लागले, पुन्हा वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"ही रोज असते? अशी, दिवसा?"

"रोजच असते," पुष्पा म्हणाली. "पन कोनी वर पाहत नाही."

अध्यक्ष बाजूला झाले. चष्मा पुसला, सोबतच्या दोघांकडे पाहिलं आणि प्राचार्यांना विचारलं, "पुढच्या वर्षी या वर्गाला किती मुलं घेता येतील?"

प्राचार्यांनी आधारासाठी जमादाराकडे पाहिलं, तर त्याची काठी गजूच्या हातात आणि डोळा दुर्बिणीला.

"अहो जमादार, तुम्हाला कशाला बोलावलं होतं?"

जमादाराने मान वर केली नाही. फक्त एक हात मागे करून प्राचार्यांना गप्प केलं.

"आवाज नका करू साहेब, हलून राह्यली ते!"