आडवा हात

चहाचा कप घेऊन मी मुक्ताच्या टेबलाशी गेले, तशी तिने लिहित्या पानावर हात आडवा धरला. पंगतीत वाढणारा जवळ आला की पोट भरलेला माणूस ताटावर धरतो, अगदी तसा.

मुक्ता माझी मुलगी. गेल्या वर्षी शाळा सोडल्यापासून घरीच शिकते. व्याकरण वेगळं घोकण्यापेक्षा ते तिच्याच लिखाणातून शिकवावं, ही कल्पना माझी, आणि मला तिचं केवढं कौतुक! मुक्ताने मांजर गेल्याचं लिहिलं, मी त्यातला कर्ता विचारला. मैत्रीण दुरावल्याचं लिहिलं, मी प्रयोग ओळखायला लावला. तिने निमूट ओळखलाही. आग्रह करणाऱ्याला वाटतं, आपण किती प्रेमाने वाढतोय. समोरच्याच्या घशाशी आलंय, हे त्याला दिसतच नाही.

"काय लिहितेस गं?"

"काही नाही, माझं माझंच. चहा तिथेच ठेव ना, आई."

हात हलला नाही. उलट बोटं पसरून तिने आणखी दोन ओळी झाकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हणणार होते, अगं, नुसता चहाच तर आणलाय.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या हातातलं लाल पेन मलाच दिसलं.